लहान मुलांच्या कुटुंबाने कयाक कोणती घ्यावी?

नदीकाठी किंवा समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला होडीचे फारसे अप्रूप नसते. ते असते आम्हा माळव्यातल्या लोकांना. इंदूर शहराला पाण्याचा शेजार आहे तो तलावांचा आणि धरणांचा : सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला, गंभीर नदीवरचा यशवंतसागर आणि खंडवा रस्त्याने गेल्यास चोरलचे धरण. नर्मदा गाठायची तर महेश्वरपर्यंत सुमारे ९० किलोमीटर जावे लागते. तरीही अलीकडे इथल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत एक नवी हौस शिरली आहे. दोन मुले, एक मोटार आणि रविवारची सकाळ एवढे भांडवल असले की कोणी ना कोणी विचारतो, "सर, आपण एक कयाक घेतली तर?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. घरात नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असल्यामुळे तो माझाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना जी आकडेमोड केली, ती आपल्या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो. विद्यार्थ्यांना त्यात आर्किमिडीज आणि गे-ल्युसॅक भेटतील. प्राध्यापक मंडळींना कदाचित खरेदीची यादी मिळेल.

ही हौस एकाएकी उपजलेली नाही. 'खेलो इंडिया' युवा स्पर्धा २०२३ साली मध्य प्रदेशात झाल्या, तेव्हा महेश्वरच्या सहस्रधारेत कनू स्लालम हा खेळ झाला. खडकांतून उसळणाऱ्या पाण्यात मुलेमुली होड्या कशा वळवतात, हे निमाड-माळव्याने घराजवळ पाहिले. ग्वाल्हेरची प्राची यादव भोपाळमध्ये सराव करून टोकियोच्या पॅरालिंपिकला गेली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत तिने कयाकमध्ये सुवर्णपदक मिळवले. असे काही पाहिले-वाचले की घरातली मुले हट्ट धरणारच. परंतु स्पर्धेतली कयाक आणि कुटुंबाची कयाक यांचे नाव तेवढे एक आहे.

मुळात ही होडी एकट्याची

कयाक हा शब्द उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली ही शिकाऱ्याची होडी. ती एकट्यासाठी, अरुंद आणि वरून झाकलेली असे. शिकारी तीत जवळजवळ अंगरखा घातल्यासारखा बसे आणि उलटला तर वल्ह्याच्या एका हिसक्याने पुन्हा सरळ होई. बायकामुले आणि घरचे सामान हलवायचे असेल तेव्हा हेच लोक 'उमियाक' नावाची वेगळी, मोठी, रुंद आणि उघडी होडी वापरीत. म्हणजे ज्यांनी कयाक शोधली, त्यांनीही कुटुंब तीत बसवले नाही. आज बाजारात 'रिक्रिएशनल' म्हणून जी विकली जाते, ती या दोन होड्यांमधली तडजोड आहे. लहान मुले असतील तर ही तडजोड उमियाककडे जितकी झुकलेली, तितकी बरी.

होडी घेताना लोक बहुधा विचारतात, "ही उलटत नाही ना?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही, कारण पाण्यावरची कोणतीही लहान होडी उलटू शकते. खरा प्रश्न दुसराच आहे : होडी उलटली तर पुढच्या दोन मिनिटांत काय होईल? मूल पाण्यावर तरंगेल का, होडी तरंगत राहील का, आणि आई किंवा बाप मुलासह तीत परत चढू शकेल का? या तीन प्रश्नांना जी होडी 'होय' म्हणेल ती घ्यावी. बाकी रंग, वेग आणि बाटली ठेवायची खाच हे सारे नंतरचे.

रुंदी आणि स्थैर्य

होडी किंचित कलली की तिचा एक काठ पाण्यात अधिक बुडतो आणि उत्प्लावक बल त्या बाजूला सरकते. हे बल होडीला सरळ करू पाहते, तर माणसांचे वजन तिला आणखी कलवू पाहते. या ओढाताणीत सरळ करणाऱ्या बाजूचा जोर पाण्याच्या रेषेवरील रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. वजन आणि लांबी तीच ठेवून रुंदी ६० सेंटिमीटरवरून ७५ केली, म्हणजे सव्वापट केली, तर हा जोर सव्वापट न होता जवळजवळ दुप्पट होतो (१.२५ × १.२५ × १.२५ = १.९५). शर्यतीची कयाक जेमतेम ४० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते आणि कुटुंबाची ७५ ते ८५ सेंटिमीटर लागते, याचे कारण हेच.

तुंगभद्रेवरचा हरिगोल आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांनी पाहिलेला असेल. बांबूची ती गोल टोपली इतकी रुंद असते की तीत माणसे, बोचकी, प्रसंगी सायकलीही पार होतात. मात्र ती सरळ जात नाही. नावाड्याने क्षणभर वल्हे थांबवले की स्वतःभोवती फिरू लागते. स्थैर्य रुंदीतून येते आणि सरळ चाल लांबीतून, हा धडा हरिगोल व कयाक शेजारी ठेवले की चटकन कळतो.

मग लांबी किती हवी? साध्या होडीच्या वेगाची मर्यादा लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. तीन मीटरच्या होडीला ती ताशी सुमारे पावणेआठ किलोमीटर पडते. मुले बरोबर असलेले कुटुंब ताशी तीन-चार किलोमीटरपुढे जात नाही, कारण दर दहा मिनिटांनी कोणाला तरी बगळा दिसतो. तेव्हा वेगासाठी लांबी विकत घेण्याची गरज नाही. एका मोठ्या माणसाला तीन मीटर आणि दोघांना साडेतीन ते चार मीटर पुरे.

यात एक बारकावा आहे. सपाट बुडाची रुंद होडी स्थिर पाण्यावर पाटासारखी वाटते, पण लाटेच्या उतारावर ती लाटेबरोबरच कलते. गोलसर बुडाची होडी प्रथम डगमगते आणि पुढे सावरते. तलावावर, सकाळच्या शांत वेळी, लहान मुलांसाठी सपाटीकडे झुकणारे बूडच योग्य. इंदिरासागरसारख्या विस्तीर्ण जलाशयात, उदाहरणार्थ हनुवंतियाला, वाऱ्याला मोकळे रान मिळून लाटा उठतात. तिथे किनारा सोडून जायचेच नाही, हा नियम कोणत्याही बुडापेक्षा अधिक उपयोगी आहे.

आत बसायची की वर बसायची?

कयाकचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात माणूस होडीच्या पोकळीत पाय घालून बसतो. दुसऱ्यात होडी म्हणजे चहूबाजूंनी बंद असलेला पोकळ तराफा आणि माणूस त्याच्या वरच्या खळग्यात बसतो. पहिल्या प्रकारात बैठक खाली असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो, वारा कमी लागतो आणि हिवाळ्यात पाय कोरडे राहतात. त्यामुळे दुकानात पाहता तीच अधिक सुरक्षित वाटते.

पण वरचे तीन प्रश्न तिला विचारून पाहावेत. उघड्या पोकळीची कयाक उलटली की तीत दोनशे लिटरपर्यंत पाणी सहज शिरते, म्हणजे दोनशे किलो. ते पाणी एका जागी बसत नाही. होडी ज्या बाजूला कलेल तिकडेच धावते आणि कल वाढवते. खोल पाण्यात एका हाताने रडणारे मूल धरून दुसऱ्या हाताने ते उपसणे कोणाही आईबापाला जमणार नाही. शिवाय पोकळीत पाय अडकण्याची भीती लहान मुलांना फार वाटते, आणि ती निराधार नाही.

वर बसायच्या कयाकमध्ये हा प्रश्नच उरत नाही. ती उलटली की माणसे बाजूला पडतात आणि होडी तरंगत राहते. बैठकीत आलेले पाणी आरपार भोकांतून खाली निघून जाते. तिला सरळ करून, पोटावर सरपटत वर चढता येते. तिचे तोटे आहेत : बैठक उंच म्हणून रुंदी जास्त लागते, अंग भिजते, ऊन थेट लागते. पण हे गैरसोयीचे तोटे आहेत, जिवावरचे नाहीत. म्हणून लहान मुलांच्या कुटुंबाला माझे मत निःसंशय वर बसायच्या कयाकच्या बाजूने आहे. तिच्या पोटातही पाणी झिरपू शकते, तेव्हा झाकणांची आणि निचऱ्याच्या बुचाची तपासणी दर खेपेस करावी.

वजनाचा हिशोब

होडीवर किंवा माहितीपत्रकात क्षमतेचा आकडा असतो. तो आकडा 'इतक्याला बुडणार नाही' एवढेच सांगतो. 'इतक्याला नीट चालेल' असे नव्हे. अनुभवी लोक त्याच्या दोनतृतीयांशापुढे जात नाहीत.

आमच्या घराचा हिशोब असा : मी ७०, सौ. ५८, मुलगी २८, मुलगा १७, म्हणजे १७३ किलो. जाकिटे, वल्ही, पाणी, डबा यांचे १२ धरले की १८५. आर्किमिडीजच्या नियमाने होडीचे स्वतःचे वजन वगळून १८५ लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे, हे झाले तरंगण्यापुरते. नीट चालण्यासाठी १८५ हा दोनतृतीयांश हवा, म्हणजे क्षमता सुमारे २७८ किलो पाहिजे. दोन आसनांच्या सर्वसाधारण कयाकची क्षमता १८० ते २३० किलो असते. म्हणजे 'दोन मोठी, दोन छोटी, मावतील की!' हे दुकानदाराचे आश्वासन गणितात बसत नाही.

तात्पर्य, चौघांच्या कुटुंबाला एक कयाक पुरत नाही, दोन लागतात. प्रत्येकीत एक मोठा आणि एक लहान. माझे व मुलीचे सामानासह १०६ किलो होतात, त्याला १६० किलो क्षमतेची होडी पुरते. दोन होड्यांचा दुसरा फायदा असा की एक उलटली तर दुसरी धरायला आधार असतो. ज्यांना दोन परवडत नाहीत त्यांनी एकच घ्यावी आणि दोन फेऱ्या माराव्यात. काठावर थांबलेल्या मुलाजवळ एक मोठा माणूस असतोच, हेही बरेच.

एक मोठा आणि एक लहान अशी जोडी दोन आसनांच्या होडीत मागे-पुढे बसली की मागचे टोक बुडते, पुढचे हवेत उठते आणि वाऱ्याने तोंड फिरते. म्हणून जिच्यात आसन पुढे-मागे सरकवता येते, किंवा मधे लहान मुलासाठी बैठक आहे, अशी होडी पाहावी. मूल नेहमी मोठ्याच्या पुढे, हाताच्या टप्प्यात आणि डोळ्यांसमोर असावे.

कठीण प्लास्टिक की हवेची?

कठीण पॉलिथिनची दोन आसनांची कयाक ३० ते ३५ किलोंची असते. ती मोटारीच्या टपावर चढवायला दोन माणसे, टपाला आडव्या पट्ट्या आणि घरी चार मीटर सावलीची जागा लागते. इंदूरच्या सदनिकांत ही जागा जिन्याखालीही मिळत नाही. गच्चीवर उन्हात ठेवली तर प्लास्टिक मऊ पडून बूड खोलगट होते आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते ठिसूळही बनते.

हवेची कयाक १२ ते १८ किलोंची, पिशवीत मावणारी. जागेअभावी पुष्कळ कुटुंबे तीच घेतील, आणि ती वाईट नाही. मात्र तीत किमान दोन-तीन स्वतंत्र हवेचे कप्पे हवेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तारतात. जलतरण तलावातली खेळण्यातली नाव आणि ही यांत गल्लत करू नये. ती पाण्यावर उंच तरंगते, म्हणून वाऱ्याने लवकर वाहवते. तळाला सरळ चालीसाठी पाते असलेलीच घ्यावी.

इथे माळव्याचे ऊन आपली परीक्षा घेते. समजा, सकाळी २५ अंश सेल्सियसला हवा भरली आणि दाब वातावरणापेक्षा १ पौंड प्रति चौरस इंच जास्त ठेवला. नंतर होडी काठावर उन्हात राहून आतली हवा ५५ अंशांवर गेली. केल्विनमध्ये हे २९८ वरून ३२८, म्हणजे दहा टक्के वाढ. आपणास वाटेल, दाबही दहा टक्केच वाढेल. पण हे दहा टक्के एकूण दाबावर मोजायचे असतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने इथे वातावरणाचा दाब १३.८ धरू. एकूण १४.८ चा झाला १६.३. त्यातून १३.८ वजा केले तर उरतात २.५. शिवणीवरचा ताण एका पौंडाचा अडीच पौंड झाला! कापड थोडे ताणले जाते म्हणून प्रत्यक्षात वाढ जरा कमी, परंतु शिवण उसवायला ती पुरते. उलट थंड पाण्यात उतरल्यावर हीच होडी सैल पडते. म्हणून हवा सावलीत भरावी, पाण्यात उतरल्यावर पुन्हा दाब पाहावा, आणि जेवायला काठावर थांबताना थोडी हवा सोडावी.

होडीआधी जाकीट

दि. १३ सप्टेंबर २०१९ रोजी भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणेशविसर्जनाच्या वेळी नाव उलटून ११ तरुण बुडाले. दि. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. दोन्ही ठिकाणी ना पूर होता ना वादळ. होते ते शहरातले शांत पाणी, गर्दी आणि अंगावर नसलेली जाकिटे. आपल्यासारख्या शिक्षकांनी तरी हरणीची बातमी विसरू नये.

लहान मुलाचे जाकीट १०० न्यूटन उत्प्लावनाचे, मानेमागे कॉलर असलेले आणि दोन पायांमधून पट्टा येणारे असावे. १०० न्यूटन म्हणजे सुमारे १० किलोंचा आधार. १७ किलोंच्या मुलाला १० किलो कसे पुरतात? कारण शरीर स्वतःच जवळजवळ पाण्याइतक्या घनतेचे आहे. जाकिटाला उचलायचे असते ते मुख्यतः डोके. कॉलर तोंड वर ठेवते आणि खालचा पट्टा जाकीट डोक्यावरून निसटू देत नाही. विकत घेताना मुलाला ते घालून, दोन्ही खांद्यांना धरून उचलून पाहावे. जाकीट कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे. 'पुढल्या वर्षी होईल' हा गणवेशाचा न्याय इथे लावू नये. चांगले पोहणाऱ्या मोठ्यांना ५० न्यूटनचे चालते, पण ते घातलेले असावे, होडीत ठेवलेले नव्हे. दंडावरच्या फुगवायच्या पिशव्या म्हणजे जाकीट नव्हे. मुलाला होडीला दोरीने कधीही बांधू नये.

वल्ही रुंद होडीला २२० ते २४० सेंटिमीटरची लागतात. मुलांना दोन मीटरच्या आतबाहेरचे हलके वल्हे द्यावे. मुलाच्या वल्ह्याने होडी पुढे जात नाही, पण मूल जागेवर बसते, आणि होडीच्या स्थैर्याला हे काही कमी नाही.

पाणी निवडणे हाही खरेदीचाच भाग

यशवंतसागर आणि सिरपूर या दोन्ही जागा २०२२ साली रामसर यादीत गेल्या. यशवंतसागर इंदूरला पिण्याचे पाणीही पुरवतो आणि तिथे सारस पक्षी येतात. तेव्हा आपली होडी आहे म्हणून कुठेही उतरावे असे नाही. ज्यांच्या ताब्यात पाणी आहे त्यांची परवानगी विचारूनच उतरावे, आणि पक्ष्यांच्या थव्यांपासून दूर राहावे. नर्मदेवर ओंकारेश्वरच्या धरणातून पाणी सोडले की खालची पातळी पाहता पाहता चढते. सहस्रधारा तर कसलेल्या खेळाडूंची जागा. लहान मुलांसाठी वाहते पाणी नकोच. पावसाळा पूर्ण वर्ज्य, उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत बाहेर. काठाकडून तलावाच्या मध्याकडे वारा वाहत असेल तर हवेची होडी पिशवीतच ठेवावी.

आणि पहिल्या दिवशी फिरायला जाऊच नये. कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटावी. पलीकडची कड धरून ती सरळ करावी, आधी मुलाला पालथे वर सरकवावे, मग आपण मागच्या टोकाकडून चढावे. असे प्रत्येकाने पाच-सहा वेळा करावे. मुलांना हा खेळ फिरण्यापेक्षा अधिक आवडतो, हे मी पाहिले आहे. आमच्या मुलीने तर होडी उलटण्याचेच वेळापत्रक मागितले. ज्या होडीत हा सराव जमत नाही ती कितीही देखणी असली तरी आपल्या कामाची नाही.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवावा : आधी चौघांची जाकिटे, मग पोहण्याची शिकवणी, मग कोणाची तरी भाड्याची होडी घेऊन दोन-तीन सकाळी, आणि शेवटी वर बसायच्या, ७५ ते ८५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन कयाक. शेवटच्या पायरीपर्यंत पैसे पुरले नाहीत तरी पहिल्या तीन पायऱ्यांचा खर्च वाया जात नाही. पोहता येणारे आणि पाण्याचा अदमास असलेले मूल पुढे कोणत्याही गावी, कोणत्याही सहलीच्या नावेत बसले, तरी जाकीट मागून घेईल. आपल्या अंकाचे वाचक उद्या अशा सहली काढणारे शिक्षक होणार आहेत, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिले.